जुनी बाग जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

लंडनच्या ईशान्येला एपिंगचं रान आहे आणि त्याच्या कडेला लाउटन नावाचं गाव. या गावातल्या लोकांना रानातल्या झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा पिढीजात हक्क होता. हंगाम ठरलेला असायचा. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री सुरू, २३ एप्रिलला बंद. त्या रात्री गावकरी टेकडीवर शेकोटी पेटवून जमायचे आणि बारा वाजले की पहिली फांदी पाडायचे. खोडाला कुणी हात लावायचा नाही. गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवरच्या फांद्या तेवढ्या तोडायच्या आणि झाडाला पुन्हा फुटायला काही वर्षं द्यायची. शतकानुशतकं हे चाललं, म्हणून तिथली झाडं वेगळीच दिसतात. खाली आखूड, जाडजूड खोड, त्याच्या माथ्यावर मुठीसारखी गाठ आणि त्या गाठीतून वर गेलेल्या फांद्या.

१८६०च्या दशकात जमीनदारांनी हे रान तुकड्यातुकड्यानं कुंपणात घ्यायला सुरुवात केली. थॉमस विलिंगेल हा वयस्क लाकूडतोड्या ऐकेना. तो आणि त्याची माणसं ठरल्या दिवशी फांद्या तोडतच राहिली आणि १८६६मध्ये त्याच्या घरातल्यांना त्यापायी तुरुंगात जावं लागलं. प्रकरण गाजलं. सार्वजनिक कुरणं वाचवण्यासाठी नुकतीच स्थापन झालेली एक संस्था पाठीशी उभी राहिली, पुढे लंडन शहराचं कॉर्पोरेशन कोर्टात गेलं आणि १८७८च्या कायद्यानं एपिंगचं रान कायमचं लोकांसाठी खुलं झालं. मात्र त्याच कायद्यानं फांद्या तोडण्याचा हक्क संपवला. भरपाईच्या पैशातून लाउटनमध्ये एक सभागृह बांधलं गेलं. त्याचं नाव आजही ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे सरळ मराठीत छाटणी-सभागृह.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढचं फारसं सांगितलं जात नाही. कुऱ्हाड थांबली आणि ज्या फांद्या दर दहापंधरा वर्षांनी खाली यायच्या त्या शंभर वर्षं वाढत राहिल्या. एकेक फांदी स्वतंत्र झाडाएवढी झाली आणि तो सगळा भार आतून पोकळ झालेल्या म्हाताऱ्या खोडावर आला. खोडं उभी चिरली. वर पानांचं छत इतकं दाट झालं, की खाली ऊन उतरेना आणि जमिनीलगतची झुडपं, गवत, फुलं आटत गेली. गुरं चरायला येणं कमी झालं तशा मोकळ्या माळांवर झाडोरा चढला. कुणीही वाईट वागलं नव्हतं. रान वाचलं होतं, पण त्याला त्याचं रूप देणारं काम बंद पडलं होतं.

ऐतिहासिक बाग, जुनं उद्यान, गावाचं कुरण, पडीक झालेला तलावकाठ अशी एखादी जागा पुन्हा उभी करून सगळ्यांसाठी खुली करायची म्हटली, की चर्चा पहिल्यांदा दिसण्यावर जाते. जुना फोटो काढला जातो आणि ‘असं करू या’ असं ठरतं. पण फोटोत दिसतो तो परिणाम. तो ज्या कामामुळे दिसत होता ते काम फोटोत नसतं. माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथेच आहे, आणि पुढचं बरंचसं लिखाण त्याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

इमारत आणि बाग यांत फरक काय?

भिंतीचा दगड निखळला तर तोच दगड उचलून परत बसवता येतो. झाड पडलं तर तेच झाड परत उभं करता येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण वारसा जपणाऱ्या मंडळींना ती नियमात लिहायला वेळ लागला. वास्तूंचं जतन कसं करावं याची व्हेनिस सनद १९६४ साली आली. बागांसाठी वेगळा विचार हवा हे मान्य होऊन फ्लॉरेन्स सनदेचा मसुदा १९८१मध्ये तयार झाला आणि आयकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तो पुढच्या वर्षी स्वीकारला. तिच्यात ऐतिहासिक बागेला ‘जिवंत स्मारक’ म्हटलं आहे. तिचं मुख्य साहित्य वनस्पती, म्हणून ती नाशवंत आणि म्हणूनच पुन्हा नवी होऊ शकणारी, असा तिचा युक्तिवाद आहे. जुनी झाडं वेळच्या वेळी बदलणं आणि दीर्घ पल्ल्याची नूतनीकरणाची आखणी करणं हा तिथे जतनाचाच भाग मानला आहे. दगडी देवळाच्या बाबतीत असं कुणी म्हटलं असतं तर गदारोळ झाला असता.

व्हर्सायची बाग घ्या. चौदाव्या लुईनं सतराव्या शतकात ती आखून घेतली. शंभरेक वर्षांत झाडं म्हातारी झाली. सोळावा लुई गादीवर आला तेव्हा, १७७४–७५च्या हिवाळ्यात, त्यानं ती सरसकट तोडून नव्यानं लावायला सांगितलं. त्या वेळची बोडकी, ओंडक्यांनी भरलेली बाग ह्यूबेर रोबेरच्या चित्रांत पाहायला मिळते. डिसेंबर १९९९च्या वादळात पुन्हा हजारो झाडं आडवी झाली आणि पुन्हा लावली गेली. तरीही आज तिथे फिरणारा माणूस ‘चौदाव्या लुईची बाग’च पाहतो, आणि त्यात खोटं काही नाही. झाडं त्याच्या काळची नाहीत, पण रस्त्यांच्या रेषा, जमिनीचे चढउतार, पाण्याच्या जागा, कुठे नजर अडवायची आणि कुठे मोकळी सोडायची याची मापं त्याच्या काळची आहेत. बागेचा सांगाडा तो. पानंफुलं हे त्यावर चढणारं मांस, ते येत-जात राहणार. जुन्या जागेचं काम हाती घेणाऱ्यानं आधी हा सांगाडा ओळखावा. तो शाबूत असेल तर निम्मं काम झालेलं असतं. तो मोडला असेल, म्हणजे उतार बुजवून सपाट केले असतील किंवा मधूनच रस्ता काढला असेल, तर कितीही रोपं लावा, जुनी जागा परत येत नाही.

कुठल्या सालात परत जायचं?

जुनी जागा म्हणजे एकच काळ नसतो. कुणी आखली, कुणी त्यात भर घातली, कुणी निम्मी मोडून वेगळंच काही केलं. नेदरलँड्समधल्या हेट लो राजवाड्याच्या मागे सतराव्या शतकातली, फूटपट्टीनं आखल्यासारखी बाग होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बुजवून त्यावर त्या काळच्या फॅशनप्रमाणे वळणावळणाचं ‘नैसर्गिक’ उद्यान केलं गेलं. १९७०नंतर उलट निर्णय झाला. ते उद्यान काढून टाकून खालची जुनी बाग पुन्हा घडवली आणि १९८४मध्ये राजवाड्यासह ती लोकांसाठी उघडली. ती देखणी आहे यात वाद नाही. पण दीडशेहून अधिक वर्षं जगलेलं एक उद्यानही इतिहासच होतं, ते पुसलं गेलं.

फ्लॉरेन्स सनद या बाबतीत बरीच सावध आहे. बागेच्या वाटचालीतले सगळे टप्पे मानावेत, तत्त्वतः एका काळाला दुसऱ्यापेक्षा वर बसवू नये, असं ती सांगते. आणि बाग पूर्णच नाहीशी झाली असेल, पुरावा म्हणून हाती नुसते अंदाज असतील, तर नव्यानं बांधलेल्या बागेला ऐतिहासिक म्हणू नये, असंही. मला हे पटतं. अंदाजानं केलेली ‘जुनी’ बाग ही नवीच बाग असते. ती चांगली असू शकते, फक्त तिच्या दारावरची पाटी खरी असावी.

लोकांच्या वापरातल्या जागेत हा प्रश्न अजून गुंतागुंतीचा होतो. राजाची बाग, मग सैन्याचा तळ, मग मुलांचं खेळाचं मैदान असा जागेचा प्रवास असेल, तर सगळ्यात तरुण थर हा आज जिवंत असलेल्या माणसांच्या आठवणींचा असतो. तज्ज्ञ त्याला भराव समजतात. चाळीस वर्षांपूर्वीचा सिमेंटचा झोका कलादृष्ट्या टाकाऊ असेल, पण तो हलवण्याआधी निदान विचारावं तरी.

पुरावा जमिनीत असतो

नकाशे, चित्रं, रोपवाटिकांची जुनी बिलं हे सगळं उपयोगी पडतंच, पण जमीन स्वतः जे सांगते ते जास्त विश्वासार्ह. २०१८च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कडक अवर्षण पडलं आणि चॅट्सवर्थ नावाच्या जुन्या वाड्याच्या हिरवळीवर अचानक एका बागेचा आराखडा उमटला. वेटोळी, वाफे, वाटा, सगळं. १६९९मध्ये केलेली ही बाग १७३०च्या सुमारास वर गवत पसरून झाकून टाकली होती. कारण सोपं आहे. पुरलेल्या वाटांवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे त्यावरचं गवत आधी वाळतं. शेजारी खोल माती असते तिथे ते काही दिवस हिरवं राहतं. वरून पाहिलं, की नकाशा तयार. तुमच्याकडे जुनी जागा असेल तर ऐन उन्हाळ्यात, गवत पिवळं पडत असताना, उंचावरून तिचे फोटो काढून ठेवा. फुकटचं उत्खनन आहे ते.

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात तर याहून नवल झालं. इसवी सन ७९च्या उद्रेकात बागा ज्वालामुखीच्या खड्यांखाली गाडल्या गेल्या. झाडांची मुळं कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना याशेम्स्की या अभ्यासक बाईंनी त्या पोकळ्यांतले खडे अलगद काढून आत सिमेंट ओतलं. ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती बाजूला केली, तेव्हा जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या मुळांचे साचे हाती आले. मुळाच्या घडणीवरून झाड कुठलं, दोन झाडांत अंतर किती, द्राक्षवेल होती की फळबाग, हे सांगता येऊ लागलं.

आणि लोकांच्या आठवणी? त्या घ्याव्यात, पण विचारण्याची रीत सांभाळून. ‘पूर्वी कशी होती बाग?’ असं विचारलं, की सगळ्यांना ती फार सुंदरच आठवते. ‘पावसात पाणी कुठे तुंबायचं? लपाछपीला कुठे लपायचात? कुठल्या झाडावर चढता यायचं?’ असं विचारा. मग माहिती मिळते.

केवचा ओक आणि पायाखालची माती

जुन्या झाडांचा सगळ्यात मोठा शत्रू कुऱ्हाड, असं आपल्याला वाटतं. बहुतेक सार्वजनिक बागांत तो मान चालणाऱ्या पायांचा असतो. लंडनच्या केव उद्यानात ‘टर्नर्स ओक’ नावाचा अठराव्या शतकाच्या अखेरीला लावलेला ओक आहे. १९८०च्या दशकात तो खंगत चालला होता. पानं विरळ, शेंडे वाळके, आणि कारण कळेना. ऑक्टोबर १९८७च्या मध्यरात्रीच्या वादळानं केवमधली सुमारे ७०० झाडं पाडली. या ओकला मात्र वाऱ्यानं मुळांच्या गड्ड्यासकट उचललं, हलवलं आणि परत त्याच खळग्यात बसवलं. तो जगणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. पडलेली झाडं उचलण्याची घाई होती, म्हणून याला टेकू देऊन ठेवला आणि कामाच्या यादीत शेवटी टाकला. तीन वर्षांनी त्याची पाळी आली तेव्हा झाड टवटवीत होतं, वादळाआधी होतं त्याहूनही!

झालं होतं असं. चांगल्या मातीचा साधारण निम्मा भाग मोकळा असतो, कणांमधल्या फटींचा. त्यात हवा आणि पाणी खेळतं आणि मुळं श्वास घेतात ती तिथेच. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीडदोन फुटांतच असतात आणि ती पानांच्या घेरापलीकडे दूरवर पसरलेली असतात. सावलीला म्हणून लोक नेमके तिथेच बसतात, उभे राहतात, फिरतात. वर्षानुवर्षांच्या त्या वजनानं फटी मिटतात, माती विटेसारखी होते, पाणी वरून वाहून जातं आणि मूळ गुदमरतं. टर्नर्स ओकच्या बुंध्याभोवतीची माती वादळानं एका झटक्यात भुसभुशीत केली. त्यानंतर केवच्या मंडळींनी जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाची हवा सोडून माती सैल करण्याचं तंत्र वापरायला सुरुवात केली.

हवेचं यंत्र सगळ्यांकडे नसतं, त्यामुळे सामान्य बागेसाठी उपाय साधा. बुंध्याभोवतीचा पार किंवा फरशी काढायची. पानांच्या घेराखाली पालापाचोळा आणि लाकडाच्या चुऱ्याचं दोनतीन इंच आच्छादन द्यायचं. ते बुंध्याला टेकवायचं नाही, वीतभर जागा सोडायची, नाहीतर साल कुजते. आणि बाक? तो घेराबाहेर हलवायचा. बाक हलवला की पाय आपोआप हलतात. ‘इथे चालू नये’ अशा पाट्यांचा माझ्या पाहण्यात तरी काही उपयोग झालेला नाही.

वाळक्या फांदीची भीतीही याच पद्धतीनं सुटते. फांदी वाटेवर पडेल म्हणून शतायुषी झाड मुंडलं जातं. त्याऐवजी वाट दहा पावलं सरकवली तर झाड, वाळकं लाकूड आणि त्या लाकडात राहणारे भुंगे, सुतारपक्षी, आळंब्या असं सगळंच वाचतं. म्हातारं झाड वरून वाळत जातं आणि खाली नवा छोटा घेर धरतं, हे मरण नव्हे. कित्येक झाडं असं आवरतं घेऊन पुढे आणखी शंभर वर्षं काढतात.

पाणी

दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याची बाग चार भागांत आखलेली आहे आणि मधून पाण्याचे पाट जातात. काळाच्या ओघात भराव पडून पातळ्या बदलल्या आणि पाट कोरडे झाले. १९९७ ते २००३ या काळात आगा खान ट्रस्टनं पुरातत्त्व खात्याबरोबर तिचं काम केलं, तेव्हा तीन किलोमीटरहून लांब पाट पुन्हा बसवले. उतार किती, तर दर ४० मीटरला १ सेंटिमीटर. डोळ्यांना हा उतार दिसतच नाही. पण तेवढाच दिला, की पाणी न धावता, न थांबता पुढे सरकतं. तो चुकला तर एका टोकाला डबकं आणि दुसऱ्या टोकाला कोरडा दगड. त्याच कामात जुन्या विहिरींचा गाळ काढला आणि १२८ शोषखड्डे केले, म्हणजे बागेवर पडलेला पाऊस बागेतच मुरावा.

याला जीर्णोद्धार म्हणायचं की जलव्यवस्थापन? दोन्ही. पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं हे समजल्याशिवाय रोपं लावणं म्हणजे छप्पर गळत असताना भिंती रंगवणं. कितीतरी ठिकाणी उद्घाटनाची घाई असते, म्हणून रोपं आधी लागतात आणि पहिल्या पावसाळ्यात वाफ्यासकट वाहून जातात.

तेच झाड लावायचं का?

जागेवर जी जात होती तीच पुन्हा लावावी, हा नियम सरळ वाटतो. पण इंग्लंडच्या बागांतले एल्म वृक्ष एका बुरशीनं लाखोंनी मेले. तिथे पुन्हा तोच एल्म लावणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हेट लो बागेतल्या बॉक्स नावाच्या झुडपाच्या बुटक्या कुंपणांनाही बुरशी लागली, तेव्हा त्यांच्या जागी दिसायला तशीच पण वेगळी झुडपं आणावी लागली. मग खरेपणा कशात? माझं उत्तर असं : रांगेतल्या झाडाकडून आपल्याला उंची, सावलीचा पोत, पानगळीची वेळ हवी असते. त्यात बसणारी आणि आजच्या हवेत टिकणारी जात चालेल. पण एखादं झाड जर स्वतःच गोष्ट असेल, कुणी लावलेलं, कुणी पूजलेलं, तर त्याचंच बी किंवा कलम घेऊन वंश पुढे न्यावा, आणि झाड धडधाकट असतानाच. मरायला टेकल्यावर कलमं नीट धरत नाहीत.

दुसरी अडचण उलट बाजूची. जुन्या बागा म्हणजे नवलाईची परदेशी झाडं गोळा करण्याची ठिकाणं होती. शोभेसाठी आणलेली घाणेरी बागेचं कुंपण ओलांडून देशोदेशींच्या रानांत माजली. ब्रिटनमध्ये तेच जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनचं झालं. बागेच्या इतिहासात अशा झाडाला जागा आहे म्हणून ते मोकाट सोडता येत नाही. मूळ जागेवरचं एखादं राखून ठेवावं, फुलं बी धरण्याआधी खुडावीत, बाकीचं उपटावं. यात दरवर्षी राबणारे हात लागतात. म्हणजे पुन्हा गाडी कामावरच आली.

बाग कुणाची?

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क हे सार्वजनिक उद्यानांचं आदर्श उदाहरण म्हणून सांगितलं जातं. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा १८५८मध्ये निवडला गेला, ८४३ एकर जागा, सगळ्यांना खुली. पण त्या जागेच्या पश्चिम कडेला १८२५पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तिथे बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबं राहत आणि त्यांतल्या अनेकांच्या मालकीची जमीन होती. घरं होती, चर्च होती, शाळा होती. १८५७मध्ये ती उठवली गेली आणि पुढे शतकभर उद्यानाच्या कथेत तिचा उल्लेखही फारसा नव्हता. २०११मध्ये तिथे उत्खनन झालं, आता फलक आहेत. बागेचा इतिहास लिहिताना बाग कुणी आखली हे जसं लिहायचं, तसंच तिच्यासाठी कोण उठलं हेही.

याच उद्यानातून देखभालीचाही धडा मिळतो. १९७०च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि पार्क उजाड झालं. शीप मेडो नावाचं १५ एकरांचं कुरण, जिथे १९३४पर्यंत खरोखरच मेंढ्या चरत होत्या, मोठमोठ्या मैफलींनी तुडवून धुळीचं मैदान झालं होतं. १९८०च्या सुमारास तिथे नवी हिरवळ घातली, पण नुसती घातली नाही. मोठे कार्यक्रम दुसरीकडे हलवले आणि गवताला विश्रांती मिळावी म्हणून कुरण हिवाळ्यात बंद ठेवायला सुरुवात केली. १९८०मध्येच स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीनं पुढे सगळं उद्यान ४९ भागांत वाटलं आणि प्रत्येक भागाला एक ठरावीक माळी दिला. आधी टोळ्या यायच्या, गवत कापून जायच्या, आणि फुटलेला नळ महिनोन्‌महिने तसाच. कारण तो नळ ‘कुणाचाच’ नव्हता. आता नळ फुटला की कुणाला विचारायचं हे ठरलेलं. येणाराजाणारा माळ्याला ओळखतो, माळी येणाराजाणाऱ्याला. कोपऱ्यात कचरा टाकायला माणूस थोडा कचरतो, कारण तो कोण उचलणार हे त्याला माहीत असतं.

पैसा जवळजवळ सगळीकडे उद्घाटनापर्यंत मिळतो, नंतर नाही. ब्रिटनच्या लॉटरी निधीनं १९९६पासून जुन्या उद्यानांना अनुदान देताना ही खोड ओळखली आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची योजना व तिची हमी मागायला सुरुवात केली. ही एक अट मला सगळ्या सुशोभीकरणापेक्षा मोलाची वाटते.

आणि जागा फार छान झाली तर? मग भोवतालची भाडी वाढतात. न्यूयॉर्कच्याच हाय लाइनचं, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर २००९पासून उघडत गेलेल्या उंचावरच्या बागेचं, हेच झालं. आसपास श्रीमंत इमारती उगवल्या आणि शेजारच्या जुन्या वस्तीतल्या लोकांना बाग आपली वाटेना. कैरोमध्ये २००५ साली खुलं झालेलं अल-अझहर उद्यान याच्या समोर ठेवून पाहावं. सुमारे पाचशे वर्षं शहराचा राडारोडा जिथे पडत होता अशा ३० हेक्टरच्या टेकाडावर ते उभं राहिलं. कडेची खोदाई चालू असताना बाराव्या शतकातला शहराचा तट निघाला, दीडेक किलोमीटर लांब. तटाच्या पलीकडे दर्ब अल-अहमर ही गरीब वस्ती. तिथली घरं दुरुस्त करणं, तरुणांना दगडकाम, सुतारकाम शिकवणं हे उद्यानाच्या कामाबरोबरच हाती घेतलं गेलं. सगळं आलबेल झालं असा दावा मी करणार नाही, पण क्रम बरोबर होता. वस्तीचा विचार आधीच झाला, मागाहून आठवण झाली म्हणून नव्हे.

शनिवारी सकाळी आलेल्या पंधरा जणांचं काय करायचं?

लोकसहभाग हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर वृक्षारोपण येतं. खरं तर जुन्या जागेत रोप लावणं हे सगळ्यात कमी गरजेचं काम असतं. स्वयंसेवकांच्या हातांना शोभणारी कामं वेगळीच : तण ओळखून मुळासकट उपटणं, चरातला पाला काढणं, लहान रोपांना दोन उन्हाळे पाणी देणं, नोंदी ठेवणं. एका वहीत तारीख, कोणतं झाड फुललं, कुठे पाणी साचलं, कोण पक्षी दिसला इतकं लिहिलं तरी पाच वर्षांत ती वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालाहून कामाची होते. उंच झाडावरची छाटणी, तलावाचा बांध, चुन्याचं बांधकाम ही कामं मात्र जाणकाराचीच. हौसेनं सिमेंट भरलेल्या जुन्या चुन्याच्या भिंती ओल कोंडून आतून फुगतात आणि मग पाडाव्याच लागतात.

गवत वाढू दिलं तर फुलपाखरं येतात, पण तक्रारीही येतात : ‘देखभाल नाही.’ जोन नासॉवर या लँडस्केपच्या अभ्यासक बाईंनी १९९५मध्ये यावर मार्मिक मुद्दा मांडला. लोकांना गबाळेपणा खटकतो असं नाही, कुणाचं लक्ष नाही असं वाटणं खटकतं. म्हणून उंच गवताच्या कडेनं हातभर रुंदीची पट्टी नीट कापून ठेवायची, मधून एक कापलेली वाट काढायची. आतलं रान तेच, पण आता ते मुद्दाम राखलेलं दिसतं. तक्रारी कमी होतात. करून पाहण्यासारखी गोष्ट आहे, खर्च जवळजवळ शून्य.

एपिंगमध्ये आता पुन्हा फांद्या तोडल्या जातात. तोडणारे शहर कॉर्पोरेशनचे प्रशिक्षित लोक, दोर बांधून चढणारे. पण शंभर वर्षांचा खंड पडलेल्या झाडाला एकदम जुन्या मापावर आणता येत नाही. बीचसारखं झाड एका फटक्यात सगळ्या फांद्या गेल्या तर फुटतच नाही, मरतं. म्हणून थोड्या फांद्या काढायच्या, काही वर्षं थांबायचं, फूट आली का बघायचं, मग पुढच्या. जोडीला कोवळी झाडं निवडून त्यांची डोक्याच्या वरची पहिली छाटणी होते, म्हणजे म्हातारी गेली तर रांग मोडणार नाही. त्या कोवळ्या खोडांवर अजून मुठीसारखी गाठ वगैरे काही नाही, नुसते कापल्याचे पांढरे चट्टे दिसतात.